तीन निळ्या रेघा आणि एका बाणाचं घर: असवानजवळच्या नूबियन गेस्टहाऊसमध्ये चार रात्री

सगळ्यात आधी स्टार सांगून टाकते. गेस्टहाऊसला पाचपैकी साडेचार, आणि त्याच्या आदल्या दिवशी पॅकेजमधली जी "नूबियन व्हिलेज टूर" केली तिला दीड, तेही बोट चालवणाऱ्या मुलासाठी, तो बिचारा खूप सांभाळून घेऊन गेला. दोन्ही एकाच गावात बरं का, घर्ब सुहैलमध्ये, इजिप्तच्या असवान शहराजवळ, नाईलच्या पश्चिम काठावर (नूबियन म्हणजे दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानमधले नाईलकाठचे मूळ लोक). रिव्ह्यू लांब होणारे हे आधीच सांगते, ज्यांना फक्त रूम, गरम पाणी आणि जेवण एवढंच बघायचंय त्यांनी खाली जा, पण मधलं वाचलंत तर तिथे गेल्यावर डोळ्यांना वेगळं दिसेल.

गेस्टहाऊसचं नाव देत नाहीये. पाच खोल्यांचं घर आहे, घरचेच लोक चालवतात, ओळखीतूनच पाहुणे घेतात आणि नाव कुठे टाकू नका असं त्यांनीच सांगितलं. पण अशी घरं त्या गावात अजूनही आहेत, काय विचारून बुक करायचं ते लिहिते.

आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि आई. जानेवारीत गेलो, कैरो आणि लक्सर करून असवानला आलो. आईचं माहेर कोयना खोऱ्यातलं, जुनं गाव शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याखाली. पाणी चढायला लागलं तेव्हा तिच्या घरचे पुनर्वसनाला सोलापूरकडे न जाता डोंगरात वर सरकले, मग १९८५ ला तिथे अभयारण्य आलं, पुढे २०१० ला व्याघ्र प्रकल्प, आणि परत उठावं लागलं. हे सांगायचं कारण पुढे येईल.

तर आधी ती टूर. कंपनीचं नाव नको. मोटरबोटीने चाळीस मिनिटं, मग गावात तास-सव्वातास, त्यातली अर्धी वेळ मसाल्यांच्या आणि मण्यांच्या दुकानांत. एका घरात सिमेंटच्या टाकीत मगरीची पिल्लं, तोंडाला दोरा बांधून हातात देतात, फोटो काढा म्हणतात. मी नाही घेतलं, आईने तर तोंडच फिरवलं. निळ्या-पिवळ्या भिंती सुंदर आहेत यात वादच नाही. पण गाईडने बोटीवर सांगितलं की हे लोक हजारो वर्षं याच जागी असेच राहतायत. आम्हाला काय माहीत, आम्ही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गेस्टहाऊसमध्ये बॅगा टाकल्या आणि जिना चढताना कळलं की गाईडने केवढी मोठी गोष्ट गिळून टाकली होती.

जिना म्हणजे बाहेरून टेरेसवर जाणारा, मातीच्या रंगाचा, आणि त्याच्या बाजूच्या भिंतीवर निळ्या रंगाने आडव्या रेघा मारलेल्या. खालच्या रेघेला १९०२, त्याच्या वर १९१२, त्याच्या वर १९३३. चौथी रेघ जिन्यावर नाहीच, टेरेसच्या कठड्यावर एक बाण काढलाय आभाळाकडे आणि शेजारी १९६४. मी विचारलं हे काय डिझाईन आहे का, तर घरमालक (पन्नाशीचे असतील, इंग्रजी छान बोलतात) म्हणाले की हा आमच्या आईच्या गावाचा पत्ता आहे, चारही वेळेचा.

मग त्यांनी चहा मागवला आणि सांगत बसले. मी नंतर असवानच्या नूबिया म्युझियममध्ये जाऊनही बघितलं (१९९७ ला उघडलंय, अर्धा दिवस द्याच, दारातल्या मोठ्या हॉलमध्ये गेर्फ हुसेनच्या देवळातला रामसेस राजाचा पुतळा उभा आहे), पण मला समजलं ते त्या जिन्यावर.

असवानला इंग्रजांच्या काळात पहिलं धरण झालं ते १९०२ ला पूर्ण झालं. त्याच्या वरच्या अंगाला नाईलच्या दोन्ही काठांनी नूबियन लोकांची गावं, उत्तरेकडे केनूझ, दक्षिणेला फदिजा (दोन्ही नूबियनांचेच गट), मध्ये थोडे अरब, सगळी नदीला चिकटून, कारण नदीपासून जरा मागे गेलं की दगड आणि वाळवंट. धरणाचं पाणी समुद्रसपाटीपासून १०६ मीटरवर अडवलं, खालची घरं, शेतं, खजुराची झाडं गेली. लोक वर सरकले, नवीन घरं बांधली. दहा वर्षं होतात न होतात तोच धरणाची उंची वाढवली, १९१२ ला पाणी ११३ मीटरला. परत वर. मग १९३३ ला अजून एकदा वाढवली, १२१ मीटर. परत वर. म्हणजे घरमालकांच्या पणजीने एकाच आयुष्यात तीन घरं बांधली, प्रत्येक घर आधीच्यापेक्षा जास्त खडकात, आणि प्रत्येक वेळी नदीकाठची काळी माती अजून कमी.

यात एक बारीक गोष्ट आहे जी मला माहीत नव्हती. जुन्या धरणाला १८० दारं आहेत आणि उन्हाळ्यात नाईलला पूर यायचा तेव्हा ती उघडी ठेवायचे, गाळाचं लाल पाणी पुढे जाऊ द्यायचे म्हणजे धरण गाळाने भरायला नको. पूर ओसरला की दारं बंद करून पाणी साठवायचे. म्हणजे हिवाळाभर गावाची जमीन पाण्याखाली आणि उन्हाळ्यात थोडे आठवडे उघडी, तेवढ्यात जे पेरता येईल ते पेरायचं आणि पाणी चढायच्या आत काढायचं. ऐन रब्बीच्या हंगामात शेत पाण्याखाली. यावर घर कसं चालणार? पुरुष कैरो आणि अलेक्झांड्रियाला गेले, कोणी स्वयंपाकी, कोणी वेटर, कोणी बिल्डिंगचा दरवान. गावात बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. आई हे ऐकून म्हणाली, म्हणजे आपल्यासारखंच की, आपले सगळे मुंबईला. खरंय, आमच्या खोऱ्यातल्या घरटी एक माणूस तरी गिरणीत नाहीतर गोदीत होता.

१९३३ नंतर घरमालकांच्या वडिलांकडच्या घराण्याने वर चढणं सोडलं आणि ते धरणाच्या खालच्या अंगाला, इथे घर्ब सुहैलला आपल्या नातेवाईकांकडे आले. आईकडचे तिथेच राहिले, कलाब्शाला. आणि मग मोठं धरण आलं.

मोठ्या धरणाचं काम ९ जानेवारी १९६० ला सुरू झालं, मे १९६४ ला नदी वळवली, तेव्हा इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्याबरोबर सोव्हिएत रशियाचे नेते ख्रुश्चेव्हही आले होते, आणि १९७० ला पूर्ण झालं. १११ मीटर उंच आणि जवळपास पावणेचार किलोमीटर लांब. आईने लगेच विचारलं किती टीएमसीचं, कोयनेच्या माणसाला दुसरं काय सुचणार. मोबाईलवर हिशोब केला, सुमारे १६० अब्ज घनमीटर, म्हणजे १०५ टीएमसीच्या पन्नास कोयना मावतील त्यात. तलाव पाचशे किलोमीटरच्या आसपास लांब, वरचा भाग सुदानमध्ये. पाणी १८० मीटरच्या वर जाऊ शकतं. आता १०६, ११३, १२१ आणि हा आकडा शेजारी ठेवा. सात मीटर चढता येतात, आठ मीटरही चढता येतात, साठ मीटर चढायला त्या काठांवर जागाच नाही. म्हणून चौथी रेघ नाही, बाण आहे.

ऑक्टोबर १९६३ ते जून १९६४ या काळात इजिप्तच्या बाजूचे जवळपास पन्नास हजार लोक हलवले, कोम ओम्बोच्या बाजूला, असवानच्या उत्तरेला. साधारण तेवढेच लोक सुदानच्या बाजूचे. तिथलं वादी हल्फा हे मोठं गाव, बंदर, स्टेशन, मशिदी, खजुरांच्या रांगा, सगळं बुडालं आणि माणसं कित्येक शे किलोमीटर लांब अतबारा नदीवर खश्म अल-गिर्बाला नेऊन वसवली, ज्याला नवं हल्फा म्हणतात. काही लोक मात्र गेलेच नाहीत. पाणी चढेल तसं झोपड्या उचलून मागे, परत चढलं की परत मागे, असं करत करत तलावाच्या काठाला वादी हल्फा नावाचं गाव त्यांनी पुन्हा उभं केलं. असवानहून निघालेली बोट पुढे तिथेच लागायची. हे ऐकताना आई एकदम गप्प झाली, कारण तिच्या वडिलांनी अगदी हेच केलं होतं.

आता रूमबद्दल. आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या, वर घुमटासारखं गोल छत, विटांचं. केनूझ लोकांची जुनी पद्धत आहे ही, लाकडाचा आधार न देता मातीच्या विटांची कमान उभी करायची. हसन फतही हे इजिप्तचे मोठे आर्किटेक्ट, त्यांनी १९४० च्या दशकात इथलेच गवंडी नेऊन लक्सरजवळ नवीन कुर्ना बांधलं. आतमध्ये दुपारी खरंच गार वाटतं, एसी लावलाच नाही. रात्री मात्र जानेवारीत चांगलीच थंडी, ब्लँकेट दोन मागून घ्या. बेड कडक आहेत, मला आवडले, नवऱ्याची पाठ दुखली. बाथरूम स्वच्छ, गरम पाणी सोलरचं, सकाळी सातच्या आधी कोमट येतं. वायफाय टेरेसवर चालतं, खोलीत नाही. भिंतीत चिनी मातीच्या बशा बसवलेल्या, दारावर मातीचे उठावदार नक्षीकाम, आणि टूरमध्ये बघितली ती भडक रंगाची भिंत इथे एकच, बाकी सगळं पांढरं. मालक म्हणाले जुन्या गावात पांढरी माती आणि गेरू हेच रंग असायचे, हा निळा टुरिस्टांसाठी वाढत गेला.

जेवण, याला पूर्ण पाच स्टार. आई शाकाहारी आहे, आधी कळवलं होतं आणि चार दिवस तिला कुठेच अडचण आली नाही. सकाळी फूल म्हणजे शिजवून घोटलेल्या मोठ्या शेंगदाण्यासारख्या कडधान्याचं पातळसर, वर लिंबू-तेल, बरोबर तामिया म्हणजे त्याच कडधान्याचे हिरवे वडे. उन्हात फुगवलेली शम्सी भाकरी (जाड असते, आपली नाही, पण गरम खाल्ली तर त्याच पंक्तीतली). मुलूखिया नावाची पालेभाजी भेंडीसारखी बुळबुळीत, लसणाची फोडणी, मला फार आवडली, नवऱ्याला नाही. मातीच्या भांड्यात भट्टीत ठेवलेल्या भाज्या. आणि करकदे! लाल सरबत, गारही देतात गरमही, तर ते आपल्या लाल अंबाडीच्या फुलांचं निघालं. आईने वाळलेली फुलं हातात घेऊन बघितली आणि म्हणाली अगं ही तर अंबाडी, मग स्वयंपाकघरात जाऊन बसली ती तासभर आलीच नाही. संध्याकाळी जबना, आलं घातलेली कॉफी, छोट्या मातीच्या सुरईसारख्या भांड्यातून, एकदम कडक.

स्वयंपाकघरात मालकांच्या आई असतात. सगळे त्यांना हाग्गा म्हणतात, हज करून आलेल्या बाईला मानाने म्हणतात तसं. वय सत्तरच्या पुढे, काळा पातळ झगा, हातावर जुनी गोंदणं नाहीत पण मेंदी असते. त्यांना केन्झी (केनूझांची भाषा) आणि अरबी येतं, आईला मराठी. नात इंग्रजीत सांगायची, मी मराठीत. आईने दुसऱ्याच दिवशी त्यांना आक्का म्हणायला सुरुवात केली.

हाग्गांना १९६३ ला बारावं वर्ष होतं. त्या सांगत होत्या की निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या बायका कबरस्तानात गेल्या आणि कबरींवर पाणी शिंपडलं, कारण परत कोण येणार पाणी घालायला. त्यांच्या आईने घर सारवून घेतलं, झाडून काढलं, मग दाराला लाकडी कुलूप लावलं आणि लाकडी किल्ली पदरात बांधली. माझी आई मध्येच म्हणाली, सारवलं? पाण्यात जाणारं घर सारवलं? आणि हाग्गांना नातीने ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, घाण घर कसं सोडायचं. बोटीवर माणसं, शेळ्या, खाटा, पेट्या. कुत्र्यांना नेऊ दिलं नाही, ते बोटीबरोबर काठाकाठाने धावत होते आणि मग खडक आला तिथे थांबले. इथे नात भाषांतर करता करता थांबली, मी पण.

आणि देऊळ. कलाब्शाला मोठं देऊळ होतं, रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात बांधलेलं, मंदुलिस या नूबियन देवाचं. पश्चिम जर्मनीच्या इंजिनिअरांनी १९६१ ते ६३ मध्ये ते दगड दगड सुटा करून मोठ्या धरणाच्या जवळ आणून परत उभं केलं. हाग्गांनी लहानपणी ते सोडवताना बघितलंय, प्रत्येक दगडावर नंबर घालत होते म्हणाल्या. देऊळ धरणापाशी आलं, गाव कोम ओम्बोला गेलं. आम्ही तिसऱ्या दिवशी कलाब्शाला गेलो (छोटी बोट लागते, पर्यटक फार नसतात, नक्की जा) आणि मी ते नंबर शोधत होते, सापडले नाहीत.

गेस्टहाऊसकडून गाडी मिळते, त्याचं वेगळं पैसे. फिलेचं देऊळ करायचं असेल तर जुन्या धरणावरून गाडी जाते आणि मग शेल्लालहून बोट. मालक स्वतः आले होते आमच्याबरोबर आणि हा गाईड मी कुठल्याही कंपनीच्या गाईडपेक्षा वर ठेवीन, कारण ते पाटी वाचून दाखवत नाहीत. फिलेचं मूळ बेट १९०२ नंतर वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असायचं, टुरिस्ट होडीतून खांबांच्या मधून फिरायचे. मोठ्या धरणानंतर ते दोन धरणांच्या मध्ये सापडलं, मग १९७० च्या दशकात बेटाभोवती बांध घालून पाणी उपसलं, दगड काढले आणि शेजारच्या अगिल्किया बेटावर रचले, १९८० ला उघडलं. युनेस्कोची जी मोठी मोहीम १९६० ला सुरू झाली तिचा हा शेवटचा टप्पा. अबू सिंबेलची देवळं तर सगळ्यांना माहीत आहेत, १९६४ ते ६८, हजारावर तुकडे कापून ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे. अमादाचं देऊळ अख्खं रुळांवरून अडीच किलोमीटर सरकवलं. काही देवळं मदतीबद्दल भेट म्हणून परदेशी गेली, देबोद माद्रिदला, डेंडूर न्यूयॉर्कला. आणि आपल्याकडून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची टीमही बी. बी. लाल यांच्याबरोबर १९६१-६२ ला नूबियात खोदकाम करून गेली, हे मला तिथे जाईपर्यंत माहीतच नव्हतं आणि ऐकून बरं वाटलं.

हे सगळं थोर काम आहे, मी फिलेच्या अंगणात उभी राहून रडकुंडीला आले इतकं ते सुंदर आहे. पण दगडांवर नंबर घातले होते ना, कुठला कुणाशेजारी ते लिहून ठेवलं होतं ना. माणसांचं काय केलं ते बघायला मी मालकांना म्हटलं कोम ओम्बोचं देऊळ झालं की येताना नवीन गावात नेता का.

ही फेरी त्यांच्या कुठल्याही पॅकेजमध्ये नाही, आम्ही विचारलं म्हणून नेलं, त्यांच्या मावशीकडे. नस्र अल-नूबा म्हणतात त्या भागाला. जुन्या गावांची नावं जशीच्या तशी, कलाब्शा, तोश्का, बल्लाना, पण आधी ती नदीकाठाने तीनशे-साडेतीनशे किलोमीटर पसरलेली होती, आता अर्धचंद्रासारखी एकाला एक लागून, आणि नदी दिसत नाही. कालवे आहेत, ऊस आहे, साखर कारखाना आहे कोम ओम्बोला. सरकारने घरं दिली ती रांगेत, भिंतीला भिंत, आणि वाटप खोल्यांच्या हिशोबाने. चार खोल्यांची घरं एका बाजूला, तीनची दुसरीकडे, एक खोलीची अजून तिसरीकडे. म्हणजे मोठं कुटुंब एकीकडे आणि त्याच घरातली म्हातारी एकटी आजी, तिला एक खोली, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मावशींनी हे सांगितलं आणि माझ्या आईने मान हलवली, आमच्या इथे पण भावकी अशीच तीन जिल्ह्यांत फुटली होती. पहिल्या उन्हाळ्यात लहान मुलं फार गेली असं मावशी म्हणाल्या, त्यांचा एक भाऊ पण.

पण मला तिथे अजून एक दिसलं. प्रत्येक घरासमोर ओटा. मस्तबा म्हणतात ते लोक. सरकारच्या नकाशात ओटा नव्हता. नूबियन घराला ओटा नाही म्हणजे बसायचं कुठे, बोलायचं कुठे, येणाऱ्या-जाणाऱ्याला "मस्काग्ना" कुठून म्हणायचं. तर लोकांनी आपले आपण बांधले, सिमेंटच्या घराला मातीचे ओटे, मग दार मोठं केलं, मग भिंतीवर बशा लावल्या. आईने गाडीतून उतरल्या उतरल्या ओट्यावर बैठक मारली, मावशींनी खजूर आणले, आणि त्या दोघी बसल्या. त्या अर्ध्या तासासाठी मी पूर्ण ट्रिपचे पैसे पुन्हा एकदा भरेन.

येताना गाडीत मालक म्हणाले की २०१४ च्या राज्यघटनेत कलम २३६ आहे, त्यात नूबियन लोकांना त्यांच्या मूळ भागात दहा वर्षांत परत वसवायचं लिहिलंय. दहा वर्षं झाली. हाग्गांना विचारलं होतं मी, जाल का परत, तर म्हणाल्या पाण्यावर काय खाट टाकू का, पण तलावाच्या काठाला कुठेही दिलं तरी जाईन, मला सकाळी उठल्यावर नाईल दिसायला पाहिजे. घर्ब सुहैलमध्ये लग्न करून आल्या त्याचं सगळ्यात मोठं सुख काय तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदी दिसते, हे त्या दोनदा बोलल्या.

अर्धा स्टार का कापला ते सांगते. एक, दर आधी नीट सांगत नाहीत. खोलीचा सांगतात, पण जेवण, गाडी, बोट हे शेवटी एकत्र येतं आणि आकडा बघून दचकायला होतं. फसवत नाहीत, सगळं कागदावर लिहून देतात, पण पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आम्हाला दोन खोल्या नाश्त्यासकट रात्रीला साडेतीन हजार इजिप्शियन पाउंड पडल्या, कार्ड चालत नाही, कॅश न्या, एटीएम असवान शहरातच. दोन, जिना उंच आणि कठडा कमी, गुडघे दुखणाऱ्यांनी खालची खोली मागा. तीन, संध्याकाळी चारनंतर टुरिस्ट बोटी येतात, मोठमोठी गाणी लावतात, रात्री नऊपर्यंत शांतता विसरा, यात घरवाल्यांचा दोष नाही पण झोपायला लहान मूल असेल तर लक्षात ठेवा. रस्त्यात उंटांची लीद असते, चप्पल बघून घाला.

अशा घरात बुकिंग करताना माझ्या मते तीन गोष्टी विचारा. घरातले लोक तिथेच राहतात का, का फक्त मॅनेजर आहे. मगर पाळली आहे का (पाळली असेल तर सोडा, दुसरं बघा). आणि कुटुंब मूळचं कुठल्या गावचं. तिसऱ्या प्रश्नाला लांबलचक उत्तर आलं तर बिनधास्त बुक करा.

कधी जावं, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला अबू सिंबेलच्या गाभाऱ्यात सूर्यकिरण जातात, त्या आठवड्यात असवानला खोल्या मिळत नाहीत आणि दर वाढतात, दोन-तीन महिने आधी बघा. अबू सिंबेलला पहाटे निघून साडेतीन तास गाडीने, गेस्टहाऊसवाले नाश्त्याचा डबा बांधून देतात, त्यात उकडलेली अंडी, चीज आणि भाकरी, शाकाहारींसाठी तामिया सांगून ठेवा. मोठ्या धरणावर पंधरा-वीस मिनिटं पुरतात, तिथे ते कमळासारखं स्मारक आहे, पण धरणाच्या दक्षिणेच्या बाजूला उभं राहून पाण्याकडे बघाच, पलीकडे कलाब्शाचं देऊळ दिसतं.

व्हेज-नॉनव्हेज, मुलं, वृद्ध, सगळ्यांना चालेल असं घर आहे. कुठलंही गाव बघायला वेळ नसेल आणि फक्त फोटो हवे असतील तर ती दोन तासांची टूर पण होऊन जाईल. बाकीच्यांनी दोन रात्री तरी राहा. हाग्गा दुपारी अस्रच्या नमाजानंतर बाहेर ओट्यावर येऊन बसतात, साधारण पावणेचारला, तेव्हा शेजारी जाऊन बसा, त्या सरकून जागा देतात.